आठ फूट कोबा आणि नरसय्यांची काठी

स्लॅब म्हटलं की माणसं मान वर करून छताकडं बघतात. माझी स्लॅब पायाखालची. आमच्या सोलापुरात तिला कोबा म्हणतात. पस्तीस-चाळीस वर्षं मी तेच केलं, लोकांच्या घरामागचे, घराशेजारचे बारके बारके कारखाने वाढवून दिले. कुणाचे टॉवेलचे माग, कुणाची शिलाईची मशिनं, कुणाची गिरणी, कुणाचं वेल्डिंगचं दुकान. धंदा जरा बरा चालला की जागा पुरत नाही, आणि मग निरोप येतो, ‘मिस्त्री, मागच्या अंगाला सहा फूट वाढवून द्या की.’ मोठी बिल्डिंग मी एकही बांधली नाही. बांधता आली नसती असं नाही, पण कुणी बोलावलंच नाही. खोटं कशाला बोला.

गाव आमचं सांगोल्याकडचं. घरी मेंढरं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी आणि माझी बायको साळू, दोघं सोलापुरात आलो. मी एका गवंड्याच्या हाताखाली लागलो, साळू घमेली उचलायला लागली. पुढं मी मिस्त्री झालो तरी ती माझ्याच कामावर असायची. माझ्या कामात खोट काढणारं माणूस मी घरूनच डब्यासोबत घेऊन जायचो, असं म्हणा.

आता बाहेरच्या माणसाला वाटतं, जुन्या कोब्याला नवा कोबा जोडायचा, त्यात एवढं काय आहे? भिंत पाडली, सिमेंट ओतलं, झालं. अहो, सिमेंट सिमेंटला आपणहून धरत नाही. जुना कोबा वर्षानुवर्षं वजन सोसून बसलेला असतो, नवा अजून बसायचा असतो. नुसता शेजारी ओतला तर वर्षभरात मधे बोट जाईल एवढी फट पडते. म्हणून जुन्याची कड छिन्नीनं टोचून खडबडीत करायची, तिच्यात भोकं पाडून सळया ठोकायच्या, अर्धी सळई जुन्यात आणि अर्धी नव्यात. ओतायच्या आधी त्या कडेला सिमेंटची पातळ रबडी फासायची. खाली मुरूम. तोही एकदम नाही, सहा-सहा इंचांचा थर टाकून, पाणी मारून, धुम्मसनं ठोकून ठोकून बसवायचा. त्यावर सळयांची जाळी, आणि मग माल.

हे सगळं करायच्या आधी पहार. सोलापूरची काळी माती म्हणजे लहरी बाई. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्यात जुन्या घरांच्या परड्यात खाली काय असेल सांगता येत नाही. बुजवलेला शोषखड्डा असतो, आड असतो, उंदरांनी पोखरलेलं असतं. आमच्या सांगोल्याकडं हातभर खणलं की खडक लागतो, तिथं हा प्रकारच नाही. इथं मी दर दोन फुटांवर पहार मारून बघायचो. टणक लागली तर पुढं चला, घुसली तर थांबा. माझ्या उस्तादानं मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, आणि मीही कधी चुकवलं नाही. एकदा सोडून.

त्या एकदाचीच गोष्ट सांगायला बसलोय, पण आधी पाण्याचं सांगतो, कारण त्याशिवाय माझी ओळख पुरी होत नाही. नवा कोबा ओतला की दहा-बारा दिवस त्याला पाण्यात ठेवावा लागतो. कडेनं मातीचं आळं करून पाणी साठवायचं, नाहीतर ओली गोणपाटं टाकायची. पाणी कमी पडलं की कोबा भुसभुशीत होतो, नखानं उकरला तर पूड निघते. आणि सोलापुरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी! म्हणून मी काम धरताना पहिला प्रश्न विचारायचो, ‘तुमच्याकडं नळ कधी?’ काम ओतायचा दिवस पाण्याच्या दिवसाशी जुळवायचा. ओतून झालं की रोज सकाळी सायकलवर जाऊन बघायचो. एका सुतारानं एक दिवस पाणी मारलं आणि मला म्हणाला, ‘रंग तर आला की मिस्त्री, आता कशाला?’ त्याला मी त्याच्याच अंगणात असा झाडला की त्याची आई बादली घेऊन पळत आली. एक रिटायर क्लार्क तर खिशात गोटी घेऊन फिरायचे. कोबा वाळला की गोटी सोडायची, घरंगळली तर माझ्या नावानं शिमगा. त्यांची गोटी दोन तास जागची हलली नाही, तेव्हा म्हणाले, ‘गोटीच खराब दिसतेय.’ लोक मला मागं ‘पाणीवाले मिस्त्री’ म्हणायचे. मला ते आवडायचं.

तर सात-आठ वर्षांपूर्वी पद्माक्कांनी बोलावलं. विणकर तेलुगू घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन माग, टॉवेल काढायच्या. सोबत सासरे, नरसय्या, ऐंशीच्या पुढचे. अंगावरून वारं गेलेलं, उजवा हात लुळा, जीभ जड झालेली. बोलायला गेले की नुसता घोगरा आवाज यायचा आणि त्यांनाच राग यायचा. डाव्या हातात काठी. परड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सगळ्यांवर नजर.

पद्माक्का म्हणाल्या, “मिस्त्री, सिन्नू येतो म्हणतोय पुण्याहून. कंपनीत काँट्रॅक्टवर किती वर्षं काढायची? इथं अजून दोन माग बसले तर तो घरी राहील. शेड परड्यात आठ फूट वाढवायची. होईल की हो?”

“न व्हायला काय झालं?” मी म्हणालो.

“नीट करा. माझं पोरगं नऊ वर्षांनी घरी यायलालंय.”

हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज माझ्या अजून कानात आहे. सिन्नू म्हणजे श्रीनिवास, त्यांचा एकुलता मुलगा. त्या आठ फुटांवर तो घरी राहणार की परत जाणार, हे ठरायचं होतं.

परड्यात मधोमध जमिनीत एक चपटा दगड होता, हातभर लांब. त्याच्यावर हळदीकुंकवाचे थर. मी विचारलं, “अक्का, हा देव कुठला?” त्या म्हणाल्या, “काय की. सासूबाई खंडेनवमीला मागाची पूजा झाली की इथं वाहायच्या. मी पण वाहते. मी सून म्हणून आले तेव्हापासून आहे.” खंडेनवमीला कारागीर हत्यारांची पूजा करतात. माझी थापी, ओळंबा आणि पहारही त्या दिवशी पाटावर बसते. त्यामुळं मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ येणार होता. मी आदल्या दिवशी सगळीकडं पहार मारली. दर दोन फुटांवर, रिवाजाप्रमाणं. दगडापाशी आलो आणि हात थांबला. देवाच्या जागेवर लोखंड कसं घालायचं? आम्ही मेंढपाळाची पोरं, माळावरच्या शेंदूर फासलेल्या दगडालाही वळसा घालून जाणारी. मी पायातल्या चपला काढल्या, दगड दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि भिंतीच्या कडेला ठेवला. त्याच्या खालच्या जागेवर पहार मारली नाही. आजूबाजूला सगळीकडं टणक लागली होती, मधेही असणारच की, असं स्वतःलाच सांगितलं.

इकडं खुर्चीवर नरसय्या बेचैन. काठी उगारून त्या जागेकडं दाखवत होते, जमिनीवर आपटत होते, घशातून आवाज काढत होते. मी जवळ जाऊन हात जोडले. “बाबा, काळजी करू नका. देव सुखरूप ठेवलाय. काम झालं की परत बसवू.” त्यांनी डोळे मिटले, मान जोरजोरात हलवली आणि मी वाकलेलोच होतो तर माझ्या नडगीवर काठी हाणली. चांगली लागली. पद्माक्का लाजून कसनुशा झाल्या, “मामा, असं काय करता!” म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं.

साळू घमेलं घेऊन उभी होती. ती म्हणाली, “त्या म्हाताऱ्याचं ऐकून घ्या की जरा. काय तरी सांगत्यात ते.”

“देव हलवलेला आवडला न्हाय त्येंला,” मी म्हणालो. “तू मुरूम टाक. उद्या नळ हाय.”

मुरूम टाकला, ठोकला, जाळी बांधली, दुसऱ्या दिवशी ओतला. कोबा असा झाला होता की बघत राहावं. बारा दिवस पाणी दिलं. सिन्नू आला, पत्रे चढले, दोन माग आणून बसवले. पद्माक्कांनी मला आणि साळूला जेवायला बसवलं, आग्रह कर करून वाढलं. नरसय्या तेवढे माझ्याकडं पाठ करून बसले होते.

श्रावणात सिन्नूचा फोन आला. आवाज कोरडा. “मिस्त्री, येऊन बघा तुमचं काम.”

गेलो. नव्या मागांपैकी एकाचा एक पाय इंचभर खाली गेला होता. कोब्याला तिरकी चीर, जुन्या-नव्याच्या सांध्यापर्यंत गेलेली. माग तिरका झाला की धोटा जागेवर राहत नाही. धोटा म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडं धावणारं लाकूड, टोकाला लोखंड. त्या सकाळी तो मागातून सुटला, पद्माक्कांच्या कानाजवळून गेला आणि पत्र्यावर आपटला. पत्र्याला खोक पडलेली मी बघितली. 

“अम्मा, मी परत जातो,” सिन्नू म्हणाला. माझ्याकडं बघतही नव्हता. “कंपनीवाले महिनाअखेरपर्यंत घेतो म्हणतात. इथं माणूस मरेल.”

 पद्माक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर तोंडाला. त्या मला चार शिव्या देत्या तर बरं झालं असतं. मी मनाशी जोड बघितली, जाळी आठवली, मालाचं प्रमाण आठवलं. सगळं बरोबर होतं. काय चुकलं तेच कळेना. काळ्या मातीला, पावसाला, मागाच्या हादऱ्याला, मनातल्या मनात सगळ्यांना दोष देऊन झाला.

तेवढ्यात मागून आवाज आला. टक. टक. टक.

नरसय्या खुर्चीवरून उठून दाराची चौकट धरून आत आले होते. कसे आले कुणास ठाऊक. डाव्या हातानं काठी नव्या कोब्यावर आपटत पुढं सरकत होते. टक, टक, टक. मागाच्या खचलेल्या पायापाशी आले आणि काठी आपटली. आवाज बदलला. बद. पुन्हा मारली. बद. पोकळ मडक्यावर मारावी तशी. मग माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की मला ती जागा ओळखू आली. दगड तिथंच होता.

मी छिन्नी-हातोडा घेतला. सिन्नूनं आणि मी मिळून माग बाजूला ओढला. तेवढा कोबा फोडला, मुरूम उपसला, आणि पहार मारली. पहार माझ्या हातातून निसटून कमरेइतकी आत गेली.

खाली खड्डा होता. खणत गेलो तशी राख निघाली, कुजलेल्या चिंध्या निघाल्या, आणि सुताचे गुंते. काही ठिकाणी लाल रंग अजून शाबूत होता. अगदी तळाशी लाकडाची एक पट्टी निघाली, मधे पायाच्या घासण्यानं झिजून वाटीसारखी झालेली. सिन्नूला काही समजेना. नरसय्यांनी ती पट्टी डाव्या हातात घेतली, खाली कोब्यावर ठेवली आणि आपला पाय तिच्यावर ठेवून दाबला. सोडला. दाबला. आणि ढसाढसा रडायला लागले.

तेव्हा मला उलगडलं. हा जुना हातमागाचा खड्डा. पूर्वी विणकर जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचे आणि पायानं पावड्या दाबायचे. ही ती पावडी. नरसय्या तिथं बसून विणत होते, त्यांच्याआधी त्यांचे वडील. यंत्रावरचे माग आले तेव्हा चुलीतली राख, चिंध्या, उरलंसुरलं सूत टाकून तो बुजवला आणि ज्या जागेनं पोट भरलं तिच्यावर दगड ठेवला. सासू हळद वाहायची, सून हळद वाहायची, आणि दगडाखाली काय आहे हे सांगणारा एकच माणूस उरला होता, त्याची जीभ गेलेली. तो काठीनं सांगत होता. मी त्याला हात जोडून गप्प बसवलं.

मी तिथंच खड्ड्याच्या काठावर बसलो. “बाबा, चुकलो,” म्हणालो. “पहार मारली न्हाय मी. देवाची जागा म्हणून मारली न्हाय.” सिन्नूकडं बघून म्हणालो, “सगळं परत करून देतो. पण त्याआधी जाऊ नको.”

पद्माक्का उठल्या. “मिस्त्री, एकट्याची चूक नाही. इतकी वर्षं मी हळद वाहिली, एकदा तरी मामांना विचारायचं की नाही? जीभ होती तेव्हा पण नाही विचारलं.” मग पोराकडं वळून म्हणाल्या, “तू काय करायचं ते खड्डा भरल्यावर ठरव.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही भिडलो. सगळी घाण उपसली, खालचा टणक मुरूम लागेपर्यंत गेलो. कडेची मातीही तासून काढली. तळाला दगड रचले, वर मुरमाचे थर. प्रत्येक थराला पाणी हवं, आणि नळ तीन दिवसांनी. मी टँकरचं बोलणार तोवर पद्माक्का गल्लीत फिरून आल्या. शेजारपाजारच्या बायका घागरी घेऊन आल्या, एकेक घागर प्रत्येक घरातून. त्यात एक मुस्लिम आजी होती, ती म्हणाली, “नरसय्याभाई का खड्डा है ना? मैंने देखा है उनको बैठे हुए.” म्हणजे शेजाऱ्यांनाही माहीत होतं, विचारलं नव्हतं ते आम्हीच. प्रत्येक थर ठोकून झाला की मी नरसय्यांना हात धरून आणायचो. ते काठी आपटायचे. आवाज पसंत पडला तर मान हलवायचे, नाहीतर नुसते उभे राहायचे. दोनदा नुसते उभे राहिले. दोनदा मी थर उकरून परत ठोकला. एका संध्याकाळी, त्यांच्याच देखत, मी भिंतीच्या कडेला ठेवलेल्या दगडाखालीही खणून तसाच मुरूम ठोकला आणि दगड तिथंच बसवला. सिन्नू आधी दारात उभा राहून बघायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या हातातली धुम्मस घेतली आणि स्वतः ठोकायला लागला. साळूनं मला कोपरानं ढोसलं, पण मी तोंड उघडलं नाही. अशा वेळी बोललं की बिघडतं.

सिन्नू गेला नाही. त्या वर्षी खंडेनवमीला चार मागांच्या पूजेत त्यांनी माझी पहार मागून घेतली आणि मधे ठेवली. भिंतीवर ती झिजलेली पावडी टांगली होती, तिलाही झेंडू. नरसय्यांनी डाव्या हातानं माझ्या पहारीला हळद लावली, मग माझ्या कपाळाला. नडगीला लावायची राहिली, असं साळू म्हणाली आणि सगळे हसले. नरसय्याही हसले, अर्ध्या तोंडानं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

त्यानंतर मी कुठल्याही घरात कोब्याचं काम धरलं की नळ विचारायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसायचो. “हितं खाली काय होतं?” एवढं विचारायचो. आणि काय काय निघालं म्हणून सांगू! आड निघाले, चुली निघाल्या, एका ठिकाणी गाडीचं चाक. एका आजीनं तर जागा बरोबर दाखवली आणि वर म्हणाली, ‘मला कुणी विचारतच नाही रे आता.’ कुणाच्या कोब्याला माझ्याकडून पुन्हा चीर गेली नाही, हे मी छाती काढून सांगतो. पण ती माझी हुशारी नाही. एका माणसानं माझ्या नडगीवर काठी हाणली, त्याची ती कमाई. त्यांचे उपकार मी जिवंत आहे तोवर फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

आता गुडघे गेले. काम सोडून तीन वर्षं झाली. यंदा दिवाळीच्या आधी सिन्नूचा फोन आला. शेड अजून चार फूट वाढवायची, शिलाईची मशिनं बसवायची आहेत. मी म्हणालो, “माझ्याच्यानं व्हतंय व्हय आता?” तर म्हणाला, “काम दुसरा मिस्त्री करेल. तुम्ही नुसते या.” आणि रिक्षा पाठवली.

परड्यात तीच प्लॅस्टिकची खुर्ची. मला बसवलं. माझ्याही हातात आता काठी आहे, गुडघ्यासाठी. नवा मिस्त्री तरणाबांड, हात चांगला. दर दोन फुटांवर पहार मारत आला. भिंतीच्या कडेला तोच दगड होता, हळदीचे थर घेऊन. तिथं त्याचा हात थांबला. त्यानं चपला काढल्या, दगड दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला, आणि त्या जागेला वळसा घालून पुढं निघाला.

“थांब,” सिन्नू म्हणाला. मग त्यानं माझ्याजवळ येऊन, खुर्चीपाशी उकिडवं बसून विचारलं, “मिस्त्री, इथं खाली काय आहे?”

 त्या परड्याच्या पोटात काय आहे हे सांगणारं आता मीच एक माणूस उरलो होतो. “काय न्हाय,” मी म्हणालो. “मुरूम हाय निस्ता. मीच ठोकलाय, तुझ्या आज्याच्या देखत. पण माझं ऐकून सोडू नगंस. मार पहार.”

नव्या मिस्त्रीनं देवाचा दगड कुठं ठेवू म्हणून विचारलं. मी मांडी पुढं केली. त्यानं पहार मारली. टण्ण वाजली.

घरी आलो तर माझं धोतर हळदीनं पिवळं झालेलं. साळूनं बघितलं आणि म्हणाली, “मग? ऐकलं का कुणी म्हाताऱ्याचं?”

“ऐकलं की,” मी म्हणालो.